हॉट चासीच्या रेडिओसाठी घेतलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, सहा महिने वापरून

माझा वॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ सेट एसी-डीसी टाइपचा, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारा आहे. यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१, सगळ्यांचे हीटर एका माळेत, १०० मिलिअँपिअरवर, आत मेन ट्रान्सफॉर्मर नाहीच, लाइनची एक वायर थेट चासीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर), म्हणूनच ‘हॉट चासी’. पिन उलटी लागली तर अख्खी चासी फेजवर येते हे माहीत होतं म्हणून प्लगवर खूण करून ठेवलेली आणि मी निर्धास्त. एक दिवस नॉब पुसताना दिसलं की त्याच्या बारीक स्क्रूवरचं मेण गळून गेलंय (हा स्क्रू आतून चासीला जोडलेला, म्हणून मेणाने झाकलेला असतो), रेडिओ बंद होता, पिन बरोबर बाजूने होती, सहज टेस्टर टेकवला तर पेटला! रेडिओ चालू केला तर विझला. पोटात गोळाच आला. बटण न्यूट्रलच्या वायरमध्ये होतं, ते बंद केलं की चासी न्यूट्रलपासून सुटते आणि हीटरच्या माळेतून फेज तिच्यावर येऊन बसतो, म्हणजे बंद रेडिओच जास्त धोक्याचा. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे आता आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन वेगळी वाइंडिंग, त्यामुळे रेडिओचा मेनशी थेट संबंध तुटतो) घ्यायचाच असं ठरवलं.

पहिला आला त्यावर ‘आयसोलेशन’ असं छापलं होतं, पण काही न जोडता इनपुट-आउटपुटमध्ये मीटर लावला तर जेमतेम काही ओहम. म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर! त्यात वाइंडिंग एकच असतं, फेज जसाच्या तसा पुढे जातो (व्हेरिअॅकचंही, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचंही, तेच). राग आला, परत केला. घेणाऱ्यांनो, पहिल्यांदा हे मोजा, आणि आउटपुटची कुठलीही पिन अर्थला जोडलेली नाही ना तेही बघा, जोडलेली असेल तर आयसोलेशन गेलं.

दुसरा मात्र एकदम खरा निघाला. २३० ला २३०, १०० व्हीए क्षमता, ईआय कोअर (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा), दोन्ही वाइंडिंग वेगळ्या बॉबिनवर, बाहेरचा लोखंडी डबा अर्थला जोडलेला. माझा सेट जेमतेम ४५ वॅट घेतो तरी १०० चाच घेतला कारण असल्या सेटमध्ये हाफ-वेव्ह रेक्टिफायर (एसीची अर्धीच लाट वापरून डीसी करणारा) असतो, त्याने ट्रान्सफॉर्मरमधून थोडा डीसी वाहतो आणि छोटा कोअर सॅच्युरेट होऊन (आणखी चुंबकत्व पेलेनासा होऊन) गरम होतो. टोरॉइडल (गोल कड्याच्या कोअरचा) दिसायला छान पण त्याला हा डीसी अजिबात सोसत नाही. दोन तास रेडिओ लावल्यावर डब्याला हात लावला, कोमट, बस.

जोडल्यावर चासी ते अर्थ मोजलं तर मीटरने ८० व्होल्ट दाखवले आणि मी घाबरलोच. मग चासी आणि अर्थच्या मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि तेच ८० चे दीड व्होल्ट झाले. दोन वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समुळे येणारा तो अगदी किरकोळ करंट, मीटरचा इम्पिडन्स (आतला रोध) जास्त असल्यामुळे मोठा दिसतो. आधी, ट्रान्सफॉर्मर नसताना, चासी फेजवर आली की हाच रेझिस्टर लावूनही पूर्ण २३० यायचे!

तक्रारी दोन. एक, आउटपुटला फ्यूज नव्हता, ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणभराच्या जादा करंटला न उडणारा) मी स्वतः बसवला, हा कंपनीनेच द्यायला हवा. दुसरी, बारीक गुणगुण येते, रात्री आवाज कमी ठेवला की कळते, म्हणून डबा रेडिओपासून लांब खालच्या फळीवर ठेवलाय. शिवाय आउटपुटला दोन सॉकेट दिलेत ते मला पटलं नाही, दोन हॉट चासीचे सेट एकत्र लावले आणि एकाची पिन उलटी असली तर दोन चासींमध्येच २३० व्होल्ट येणार. एक मी टेप लावून बंद केलंय. पाचपैकी चार देईन.

सोबत अँटेनाच्या सॉकेटचा जुना पेपर कपॅसिटर काढून वाय क्लासचा (शॉकपासून बचावासाठीचा सेफ्टी कपॅसिटर) टाकला, बटण फेजच्या वायरमध्ये घेतलं, स्क्रूवर परत मेण भरलं, आणि पाठीमागचं फाटकं पुठ्ठ्याचं झाकण नवीन करून घेतलं. ट्रान्सफॉर्मर असला तरी हे करायचंच, कारण उद्या कोणीतरी रेडिओ उचलून सरळ भिंतीच्या सॉकेटला लावणार.

आणि उघडून काम करताना हा ट्रान्सफॉर्मर सगळं सांभाळत नाही. एक हात चासीला आणि दुसरा एचटीला (वॉल्व्हना लागणाऱ्या जास्त व्होल्टेजच्या डीसीला) लागला तर शॉक पूर्वीसारखाच बसणार, आउटपुटच्या बाजूला ईएलसीबीसुद्धा (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) पडणार नाही. मी पिन काढून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करतो आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालत नाही.