पगारावर घ्यायचं की फीवर? मुंबईतल्या छोट्या ऑफिसचा हिशोब

आठ-दहा जणांचं ऑफिस चालवणाऱ्याला नवा माणूस घेताना हमखास एक सल्ला मिळतो: पगारावर घेऊ नका, 'प्रोफेशनल फी' द्या, कटकट वाचेल. या सल्ल्यामागचं गणित बहुतेक वेळा चुकीचं असतं.

समजा, एकूण माणसं आठ आणि नव्या माणसाला महिना 30,000 द्यायचे आहेत. तो रोज दहा ते सात तुमच्याच अंधेरीच्या गाळ्यात बसणार आहे.

पगारावर घेतलात तर व्यवसाय कर (नोकरी-धंद्यावरचा राज्याचा कर) महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. तोही त्याच्या पगारातून कापायचा, तुमच्या खिशातून नाही. (पुरुषाला 7,500 पर्यंत हा कर नाही, महिलेला थेट 25,000 पर्यंत. पगारपत्रकात ही चूक सर्रास दिसते आणि बायकांचे पैसे विनाकारण कापले जातात.) वर्षाला 3,60,000 पगारावर नव्या कररचनेत टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) शून्य. ईएसआयसी (कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) दहा जणांपासून आणि 21,000 पर्यंतच्या पगाराला लागते, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) वीस जणांपासून. तुमच्यावर उरतो तो महाराष्ट्र कामगार कल्याण निधी: पाच माणसं झाली की जून आणि डिसेंबरमध्ये माणशी मालकाचे 75, कर्मचाऱ्याचे 25. रक्कम किरकोळ आहे, म्हणूनच ती विसरली जाते.

आता फी. तुमची कंपनी असेल, किंवा प्रोप्रायटर म्हणून मागच्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या वर असेल, तर वर्षाला 50,000 ओलांडणाऱ्या व्यावसायिक फीवर 10 टक्के टीडीएस कापावाच लागतो. माणसाच्या हातात पडतात 27,000. पगारात पडले असते 29,800. कापलेले पैसे परत मिळवायला त्याला रिटर्न भरावं लागतं, आणि व्यवसाय कराची नोंदणी स्वतःच करून 2,500 भरावे लागतात. तुम्हालाही दर महिन्याच्या 7 तारखेचं चलन आणि तिमाही विवरणपत्र चुकत नाही. उशीर झाला तर विवरणपत्राला दिवसाला 200 रुपये. म्हणजे कटकट वाढली, वाचली नाही.

फी शोभते ती खरोखर स्वतंत्र माणसाला. आठवड्यातून एकदा येणारा, चार ठिकाणची पुस्तकं लिहिणारा, कामाप्रमाणे बिल देणारा अकाउंटंट घ्या. त्याला पगारावर घेण्यात काहीच अर्थ नाही.

फीचा मोह खरा होतो तो माणसं वाढल्यावर. दहाव्या माणसाला ईएसआयसी आली की 18,000 पगाराच्या हेल्परमागे मालकाचे 3.25 टक्के, म्हणजे 585, आणि त्याचे 135. हे पैसे वाचवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात त्याच्यासोबत कुटुंबाचेही उपचार होतात. विसाव्या माणसाला पीएफ. 15,000 च्या मर्यादेवर मालकाचे 1,800, पीएफसोबतच्या विम्याचे 75 आणि प्रशासकीय शुल्काचे 75, असे माणशी 1,950. इथे काही मालक पाच-सहा जणांना फीवर टाकून आकडा एकोणीसवर ठेवतात.

हे टिकत नाही. करारावर काय लिहिलंय यापेक्षा वेळ कोण ठरवतं, रजा कोण मंजूर करतं, दुसरा ग्राहक आहे का, हे पीएफ कार्यालय पाहतं. खतावणीत दर महिन्याला त्याच माणसाला तीच रक्कम दिसली की चौकशी सुरू होते. कंत्राटदाराकडून आलेला सफाईवाला आणि सुरक्षारक्षकही वीसच्या मोजणीत येतात. एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. निकाल विरुद्ध गेला तर मागचा कर्मचाऱ्याचा हिस्साही मालकालाच भरावा लागतो, कारण जुन्या महिन्यांची कपात आता पगारातून करता येत नाही. वर 12 टक्के व्याज आणि दंड वेगळा.

पगाराचा मार्ग घेतलात तर नोंदणीचा क्रम सांभाळा. 7,500 च्या वर (महिला असेल तर 25,000 च्या वर) पगार असलेला पहिला माणूस आला की 30 दिवसांत मालक म्हणून व्यवसाय कराची नोंदणी करा. धंद्याच्या स्वतःच्या 2,500 ची नोंदणी वेगळी असते आणि एक केली म्हणून दुसरी होत नाही. टीडीएस कापण्याइतका पगार असेल तर आधी टॅन (टीडीएस भरण्यासाठी लागणारा क्रमांक) काढा. पीएफ आणि ईएसआयसीची तारीख पुढच्या महिन्याची 15. आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंत तर कर्मचाऱ्याकडून कापलेला पीएफ 16 तारखेला भरला तरी ती रक्कम आयकरात खर्च म्हणून मिळत नव्हती, त्यावर कर बसायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे पक्कं केलं होतं. आजही चलन 10 तारखेलाच काढा, कारण 15 ला पोर्टल अडकलं ही सबब चालत नाही.