तेलगळती आवरताना: यांत्रिक उपसा की रासायनिक फवारणी?

तरंगते अडसर लावून तेल एका जागी कोंडायचे आणि यंत्राने उपसून घ्यायचे, हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात तेल समुद्रातून खरोखर बाहेर निघते. मात्र लाटा मीटर-दीड मीटर उसळू लागल्या की तेल अडसराच्या वरून आणि खालून निसटते. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटाच्या दुर्घटनेत सांडलेल्या तेलापैकी जेमतेम 3 टक्के तेल अशा उपशाने हाती लागले, असा अमेरिकी सरकारचा अंदाज होता.

रासायनिक फवारणी खवळलेल्या समुद्रातही चालते आणि मोठे क्षेत्र लवकर व्यापते. पण तिने तेल नाहीसे होत नाही. त्याचे सूक्ष्म थेंब होऊन ते पाण्यात उतरतात. जिवाणूंना ते पचवणे सोपे जाते, पक्षी आणि खारफुटी काही अंशी वाचतात. तो भार मात्र माशांच्या अंड्यांवर व पिलांवर पडतो. शिवाय तेल पाण्याशी घुसळून घट्ट झाले की फवारणी निष्प्रभ ठरते. 1967 मध्ये ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावर ओतलेल्या त्या काळच्या विषारी रसायनांनी तेलापेक्षा अधिक जीव मारले.

म्हणून समुद्र शांत असेल तेथे आधी उपसा करावा, आणि फवारणी केवळ खोल, मोकळ्या पाण्यात, तेल ताजे असतानाच करावी.