चाळीस जणांचं वऱ्हाड आणि गोव्यातली एक मोकळी सकाळ

गोव्यात लग्नाच्या वऱ्हाडाला एजंट साधारण चार सहली देऊ करतात: ‘उत्तर गोवा दर्शन’, ‘दक्षिण गोवा दर्शन’, दूधसागर, आणि फोंड्याची देवळं व मसाल्याची बाग. संध्याकाळची मांडवीतली बोट वरून जोडलेली असते. चाळीस जण, त्यात आठ-दहा सत्तरीपुढचे आणि तेवढीच पोरं, असं वऱ्हाड असेल तर फोंड्याची सहल डोळे मिटून घ्यावी. दोन्ही ‘दर्शनं’ सरळ नाकारावीत.

नाकारायचं कारण हिशोबातच दिसतं. उत्तर गोवा दर्शनात आग्वादचा किल्ला, कांदोळी, कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर असे सहा-सात थांबे कोंबलेले असतात. चाळीस माणसं बसमधून उतरणार, कोणी बाथरूम शोधणार, कोणी शहाळं पिणार, मग डोकी मोजून पुन्हा चढणार. एका थांब्याला यातच वीस मिनिटं जातात. सहा थांबे म्हणजे दोन तास नुसते चढण्या-उतरण्यात गेले. त्यात मोठी बस किनाऱ्याजवळ जात नाही, लांब उभी राहते. दुपारी बाराच्या उन्हात आजोबांना घेऊन एवढं चालायचं कशाला? चार मित्रांना ही सहल ठीक आहे, वऱ्हाडाला नाही.

फोंड्याला मात्र थांबे कमी, सावली जास्त, आणि मराठी घरांना जायचं कारणही असतं. कितीतरी घरांचं कुलदैवत इथलंच: मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी. लग्न गोव्यात आणि ओटी भरायची राहिली, हे आईला आयुष्यभर लागून राहतं. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीचं. १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या जाचामुळे तिथून लिंग हलवून फोंडा तालुक्यातल्या प्रियोळला आणलं. म्हाळसा वेर्ण्याहून आली, शांतादुर्गा केळशीहून. फोंड्याचा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता, म्हणून इतकी देवळं या एका तालुक्यात शेजारी-शेजारी सापडतात. एका सकाळी दोन देवस्थानं आरामात होतात ती त्यामुळेच.

कांदोळी-कळंगुट पट्ट्यात उतरला असाल तर आठला निघा. सव्वानवापर्यंत मंगेशी, पाऊण तास. तिथून जेमतेम एक किलोमीटरवर म्हार्दोळचं म्हाळसेचं देऊळ, अर्धा तास. मंगेशीची सात मजली दीपमाळ आणि म्हार्दोळची उंच पितळी समई पाहायला पोरंही कुरकुर न करता थांबतात. जाईचा हंगाम असेल तर म्हार्दोळला देवळाबाहेर गजरे घ्या. संध्याकाळच्या हळदीला ते उपयोगी पडतात. सव्वाअकराला मसाल्याची बाग, दीडपर्यंत जेवण, पावणेतीनला हॉटेलवर. कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा असेल तर म्हार्दोळ सोडा आणि अर्धा तास जास्त धरा, कारण कवळे फोंडा शहराच्या पलीकडे आहे.

देवळातली गडबड तीन गोष्टींवरून होते. पहिली, कपडे: अर्ध्या चड्ड्या आणि बिनबाह्यांचे टॉप चालत नाहीत, म्हणून बसमध्ये सहा-सात उपरणी आणि ओढण्या ठेवून द्या. दुसरी, अभिषेक किंवा ओटी: देवस्थानच्या कार्यालयात आदल्या दिवशी फोन करून भटजींची वेळ ठरवा. आयत्या वेळी विचारलंत तर रांगेत तास जातो आणि पुढचं सगळं कोलमडतं. तिसरी, सोमवार: मंगेशीला त्या दिवशी गर्दी असते, संध्याकाळी पालखी निघते. अभिषेकच असेल तर सोमवारच घ्या, नुसतं दर्शन असेल तर टाळा. आणि अकरानंतर प्रांगणातली फरशी पाय भाजते, तेव्हा म्हाताऱ्यांसाठी मोजे हवेतच.

मसाल्याची बाग हा सहलीचा खरा गाभा. सावई वेरे, केरी, कुर्टी या भागात बऱ्याच बागा पाहुण्यांना खुल्या आहेत. सगळीकडे क्रम साधारण सारखा: गवती चहा किंवा सरबत, पाऊण तासाची फेरी, मग बुफे जेवण. गाइड मिरीचा वेल दाखवतो, दालचिनीची साल खरवडून हुंगायला देतो. जायफळ फोडलं की आत लाल जाळीदार जायपत्री दिसते आणि तिथे घोळका हमखास थबकतो, कारण स्वयंपाकघरात दोन वेगळ्या डब्यांत ठेवलेल्या वस्तू एकाच फळातल्या निघतात. शेवटी काही बागांत गार पाण्याची पळी मानेवरून पाठीत सोडतात. पोरं खूश होतात. पण ज्यांनी आदल्या रात्री मेंदी काढली आहे किंवा ज्यांना सर्दी आहे त्यांनी आधीच बाजूला व्हावं.

इथे कमी काय पडतं, तेही सांगायला हवं. चाळीस जणांना एक गाइड दिला की मागच्या वीस जणांना काहीच ऐकू येत नाही. बुकिंग करतानाच दोन गाइड मागा, त्यातला एक मराठी किंवा कोकणी बोलणारा. पोफळीच्या बागेतली वाट मातीची असते, मधे पाण्याचे पाट आडवे येतात, व्हीलचेअर जात नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना जेवणाच्या मांडवात बसवून तिथेच मसाल्यांची परडी दाखवायला सांगा. आधी सांगितलं तर बहुतेक बागा करतात. सावलीत डास असतात, मलम लावून उतरा. जेवणात शाकाहारी किती, मासे खाणारे किती, कांदा-लसूण न खाणारे किती, हा आकडा आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा. बाहेर पडतानाच्या दुकानात जायफळ आठवण म्हणून घ्यायला हरकत नाही, पण आमसुलं आणि तिरफळं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घ्या. तिथे भाव चांगला पडतो आणि माल उलटसुलट करून पाहता येतो.

बस एक मोठी घेऊ नका, सव्वीस आसनी दोन घ्या. खर्च थोडा वाढतो, पण बागांकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत आणि मुख्य म्हणजे एक गाडी जेवणानंतर आजी-आजोबांना, तान्ह्या मुलांना आणि नवरीला घेऊन लगेच परत येऊ शकते. दुसरी हवी तर जुन्या गोव्यात थांबते. ते परतीच्या वाटेवरच आहे. तिथलं बॉम जेझुस बासिलिका हे चर्च १६०५ चं, जांभ्या दगडाचं, बाहेरून गिलावा नसलेलं. अर्ध्या तासात पाहून होतं, फक्त खांदे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते. ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (उत्सव) आणि त्याआधीचे नऊ दिवस तिकडे वऱ्हाड नेऊच नका.

पोरांसाठी एक वाढीव गंमत: तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून थोडं चाललं की धक्का येतो. पलीकडच्या दिवाडी बेटाची फेरीबोट पायी माणसांना फुकट आहे. बस इकडेच ठेवून नुसतं जाऊन यायचं. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, म्हणून मुलांचा हात सोडू नका.

मांडवीतली बोट सांता मोनिका धक्क्यावरून सुटते, तासाभराची फेरी, वर ‘देखणी’ हा गोव्याचा लोकनाच आणि फुगडी. साध्या तिकिटात जागा ठरलेली नसते. चाळीस जणांनी एकत्र बसायचं तर अर्धा तास आधी रांगेत उभं राहायला हवं. आवाज प्रचंड असतो, वडीलधाऱ्यांना स्पीकरपासून लांबच्या खुर्च्या धरून द्या. संगीताच्या दिवशी बोट घेऊ नका. पणजीच्या पुलाजवळ संध्याकाळी गाडी अडकली की करवल्या मेकअपला तासभर उशिरा पोचतात.

दूधसागर वऱ्हाडासाठी नाही. कुळ्याहून जीप, एका जीपमध्ये सात जण, जंगलातला हादरे देणारा रस्ता, शेवटी दगडांतून चालणं. चौदा तरुण निघाले तर दोन जीप करून पहाटे पाठवा, बाकीच्यांना ओढू नका. पावसाळ्यात जीप बंदच असतात आणि तेव्हा समुद्रात उतरणंही धोक्याचं, जीवरक्षक लाल बावटे लावतात. फोंड्याची सहल मात्र पावसातही निभते, छत्र्या तेवढ्या घ्या.

दर ठरवताना एजंटकडून लेखी घ्या: पार्किंग, चालकाचा भत्ता, बागेचं प्रवेशशुल्क, जेवणावरचा कर, आणि किती तासांनंतर गाडीचं जादा भाडं लागू होतं ते. वाद होतो तो नेहमी या शेवटच्या ओळीवर.