उंची-वजन विचारणारे, परिस्थिती न विचारणारे अ‍ॅप

वजन कमी करण्यासाठीचे एक अ‍ॅप मी आणि माझे पती सहा महिने वर्गणी भरून वापरत होतो. नोंदी ठेवण्यासाठी ते खरोखर चांगले आहे; उष्मांक झटपट कळतात आणि वजनाचा आलेख स्पष्ट दिसतो. त्याचा सल्ला मात्र अपुऱ्या माहितीवर उभा आहे.

सुरुवातीला ते वय, लिंग, उंची आणि वजन विचारते, किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून बीएमआय काढते आणि तो 30 किंवा अधिक आला की लठ्ठपणा असल्याचे सांगते. रात्रपाळी असते का, घरचे काम कोणाकडे आहे, महिनाअखेरीस हातात किती उरते, यांपैकी एकही प्रश्न त्यात नाही.

वास्तविक आर्थिक स्थिती आणि लठ्ठपणा यांचा संबंध स्त्री-पुरुषांत सारखा नसतो, हे जुने निरीक्षण आहे. सोबल आणि स्टंकार्ड या संशोधकांनी 1989 मध्ये 144 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा विकसित देशांतील खालच्या स्तरातल्या स्त्रियांमध्ये लठ्ठपणा ठळकपणे अधिक आढळला, पुरुषांमध्ये तसे एकसारखे चित्र नव्हते. विकसनशील देशांत मात्र दोघांतही तो सुबत्तेबरोबर वाढत होता. पुढे तेथेही देशाचे उत्पन्न वाढेल तसा तो गरिबांकडे, आणि आधी स्त्रियांकडे, सरकू लागला. शिवाय स्थूलपणामुळे नोकरीत डावलले जाण्याची किंवा कमी वेतन मिळण्याची झळ स्त्रियांना अधिक बसते, म्हणजे गरिबीने वजन वाढते आणि वाढलेले वजन पुन्हा कमाईवर येते.

आमच्याच घरात हे दिसत होते. पती दिवसभर ओझी उचलतात. अ‍ॅप फक्त पावले मोजते, त्यामुळे त्यांचे श्रम त्याच्या हिशेबात आलेच नाहीत. माझे काम बैठे, झोप अपुरी, बाळंतपणात वाढलेले वजन तसेच राहिलेले आणि फिरायला वेळ मिळतो तो अंधार पडल्यावर, जेव्हा एकटीने बाहेर पडायला भीती वाटते. मूल आजारी असताना दोन दिवस नोंद करायची राहिली, तर ‘तुमचा निश्चय कमी पडत आहे’ असा संदेश आला. तो वाचून मला फार वाईट वाटले. तक्रार केल्यावर ग्राहक सेवेने अधिक वर्गणीची योजना सुचवली.

ज्यांच्याकडे मोकळा वेळ आणि बेताचा का होईना निवांतपणा आहे, त्यांना हे अ‍ॅप उपयोगी पडेल. आम्ही वर्गणी पुन्हा भरली नाही. नोंदी मी आता वहीत ठेवते आणि उष्मांकांशेजारी झोपेचे तासही लिहिते.