पाचशे रुपयांत 'लाईफटाइम प्रीमियम' घेण्याआधी

खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी भागात रेंजचा भरवसा नाही. म्हणून तिकडचा माणूस बेळगावात बाजाराला आला की फोनमध्ये गाणी 'भरून' मागतो. हा धंदा नेमका त्याच गरजेवर चालतो. चार-पाचशे रुपये घ्यायचे, नामांकित म्युझिक ॲपचं प्रीमियम 'आयुष्यभरासाठी' टाकून द्यायचं, अभंग आणि नाट्यगीतं डाउनलोड करायची. मग गिऱ्हाइकासमोर फोन एरोप्लेन मोडवर टाकून गाणं वाजवून दाखवायचं.

ही परीक्षाच फसवी आहे. ॲपमधून उतरवलेली फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली खात्याच्या ताब्यात असते. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू राहायची तर ३० दिवसांतून एकदा तरी फोन ऑनलाइन यावा लागतो, सदस्यत्व चालू आहे का ते तेव्हा तपासलं जातं. साहजिकच दुकानात गाणं वाजतं, घरीही काही आठवडे वाजतं, आणि बंद पडतं तोवर विकणाऱ्याने नंबर बदललेला असतो.

विकलेलं असतं काय? बहुधा फॅमिली प्लॅनमधली एक जागा. हा प्लॅन एका पत्त्यावर राहणाऱ्या सहा जणांपुरता असतो आणि मुख्य खातेदार कोणालाही केव्हाही काढू शकतो. नाहीतर एकच लॉगिन पन्नास जणांना वाटलेलं असतं. पासवर्ड बदलला की सगळे बाहेर. तिसरा प्रकार सर्वांत वाईट: प्ले स्टोअरबाहेरची एपीके, म्हणजे थेट फोनवर टाकायची ॲपची फाइल. ती टाकताना प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप पकडणारी गूगलची तपासणी, बंद करायला सांगतात. गाण्याच्या ॲपने एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीनवरचं वाचायची) परवानगी मागितली तर ते ताबडतोब काढा, कारण त्या वाटेने बँकेचा ओटीपी जातो.

खरी परीक्षा सोपी आहे. 'हे गाणं पेनड्राइव्हवर टाका, गाडीच्या टेपवर वाजवून दाखवा' म्हणा. मोकळी फाइल फाइल मॅनेजरमध्ये नावानिशी दिसते. ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं एमपी-थ्री सुमारे १२ एमबी भरतं. ॲपलचं विकत घेतलेलं गाणं 'एम४ए' असतं आणि २००९पासून त्याला कुलूप नाही. ॲपल म्युझिकच्या वर्गणीतून उतरवलेलं मात्र 'एम४पी', म्हणजे कुलूपबंद.

अधिकृत कंपनीकडून घेतलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. याहू म्युझिकने २००८मध्ये किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा गाण्यांचे पूर्ण पैसे मोजलेल्यांनाही ती नव्या संगणकावर नेता येणार नव्हती. ओरड झाल्यावर कूपन किंवा पैसे परत देऊ केले गेले. 'बाय' लिहिलेल्या बटणाखाली परवाना विकायचा, याला आम्ही तरी सरळ व्यवहार म्हणणार नाही.

'कुलूप काढून देतो' म्हणणाऱ्याच्याही नादी लागू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-अ कलमात हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हेतूची ही अट महत्त्वाची. खासगी वापरापुरत्या रास्त वापराला कलम ५२ची सूट आहे, विक्रीला नाही.

पैसे गेलेच, तर आधी व्हॉट्सॲपवरची जाहिरात, 'लाईफटाइम' शब्द असलेला मेसेज आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढा. विकणारा मेसेज पुसून टाकतो. पक्कं बिल मागा. कन्नडमधलं असलं तरी चालतं. खात्यातून परस्पर पैसे जाऊ लागले तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन, विक्रीतल्या फसवणुकीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. म्हणजे विकणारा कोल्हापूरचा आणि घेणारा निपाणीचा असला, तरी तक्रार बेळगाव जिल्ह्यातच दाखल होते. मुदत दोन वर्षांची. खरेदीसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.