फाइली परत आल्या, नावं विसरून

आमच्या कुळाचा वृत्तांत पहिल्यांदा १९९८ साली छापला गेला. दुसऱ्या आवृत्तीचं काम नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, माझ्या गळ्यात घातलं. "तू परदेशात असतेस, तुला कॉम्प्युटर येत असणार." मी लायप्झिगमध्ये एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासते. पण नानांपुढे असले खुलासे चालत नाहीत. नाना वाईत सकाळी नऊला फोन करतात, तेव्हा इथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

तर चार वर्षांचं ते काम एका १ टेराबाइटच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतं. नातेवाइकांनी भरून पाठवलेल्या अर्जांचे ६४० फोटो, जुन्या आवृत्तीच्या वर्ड फाइली, वंशावळीचे तक्ते आणि मेणवलीच्या आत्याआजीचं अडतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. दुसरी प्रत? नव्हती. पुढच्या सगळ्या हळहळीचे शब्द वाचणाऱ्याने इथेच उरकून घ्यावेत. माझ्या आईने दोन दिवस तेच केलं.

शनिवारी संध्याकाळी मी डिस्क नीट बंद न करता केबल ओढली. पुन्हा जोडली तर विंडोजने विचारलं, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? विचारलं अर्थात जर्मनमध्ये. नऊ वर्षं इथे राहून भाषा कळली नाही असं म्हणायलाही तोंड नाही. कळली होती. कुकरची तिसरी शिट्टी होत होती, बटण डावीकडे होतं, दाबलं. त्यानंतर आलेल्या खिडकीत 'श्नेलफॉर्माटीरुंग', म्हणजे झटपट फॉरमॅट, या चौकोनात आधीपासूनच खूण होती. ती तशीच राहिली. सगळ्या प्रकरणात दैवाने एवढीच साथ दिली.

कारण झटपट फॉरमॅटमध्ये पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं जागेवर राहतात. पूर्ण फॉरमॅट निवडला असता तर विंडोज व्हिस्टापासून पुढे तो सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातो. मग कुणी काही करू शकत नाही. आणि हीच चूक लॅपटॉपमधल्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर, केली असती तरी आशा जवळपास संपली असती, कारण पुसलेली जागा 'ट्रिम'च्या आज्ञेने डिस्क स्वतःच झाडून मोकळी करते. माझी जुनी, फिरत्या तबकडीची, गुरगुरणारी डिस्क होती. तिला झाडलोटीची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. काहीच करता आलं नाही हे आता बरं वाटतं, कारण उत्साहाच्या भरात मी त्या डिस्कवरच काहीतरी उतरवून घेतलं असतं.

सोमवारी दोन ठिकाणी चौकशी केली. एक मोठी, पोस्टाने डिस्क मागवणारी कंपनी. तपासणी फुकट, असं ठळक अक्षरात. काम करायचं नसेल तर डिस्क परत पाठवायचे ७९ युरो, असं बारीक अक्षरात. आणि काम केलं तर अंदाज ९५० ते १६०० युरो. रुपयांत सांगितल्यावर नाना शांतपणे म्हणाले, "अगं, एवढ्यात दुसरी आवृत्ती छापून होईल." दुसरं ठिकाण म्हणजे आयझेनबानश्ट्रासेवरचं मोबाइल दुरुस्तीचं एक टिचभर दुकान. तिथल्या सिरियन पोराने डिस्क कानाला लावली, टकटक येत नाही ना हे ऐकलं आणि परत दिली. "ही बिघडलेली नाही, तू बिघडवलीस. घरी जा, फोटोरेक चालव, हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम आहे. मला पैसे देऊ नकोस." असा दुकानदार मी पुण्यातही पाहिलेला नाही. टकटक येत असती तर मात्र कुठलंही सॉफ्टवेअर न चालवता ती धूळमुक्त खोलीवाल्यांकडेच द्यावी लागली असती, हेही त्यानेच सांगितलं.

मावसभावाचा तिसरा पर्याय होता. पुण्यात त्याच्या ओळखीचा एक जण आठ हजारांत करून देतो, फक्त डिस्क कुणाबरोबर तरी धाड. परदेशातल्या मराठी माणसाची अर्धी दळणवळण व्यवस्था 'कुणाबरोबर तरी' यावरच चालते. भाजणी इकडे येते, जीवनसत्त्वाच्या गोळ्या तिकडे जातात. पण पुढचं जाणारं माणूस गणपतीत जाणार होतं आणि तोवर नानांचे अठरा फोन आले असते.

म्हणून फोटोरेक. हे परीक्षण खरं तर त्याचं.

फोटोरेक फुकट आहे. अमुक मेगाबाइटपर्यंत फुकट आणि मग पैसे टाका, असं नाही. मुक्त स्रोताचा, जीपीएल परवान्याचा प्रोग्रॅम आहे. क्रिस्तोफ ग्रनिए नावाच्या फ्रेंच माणसाने लिहिलेला, टेस्टडिस्क या भावंडाबरोबर एकाच पुडक्यात येतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. बसवावा लागत नाही, पुडकं सोडलं की सुरू. मी ७.२ ही आवृत्ती वापरली. आधी टेस्टडिस्कने अनुक्रमणिका सांधता येते का पाहिलं. त्याने डिस्क दाखवली, आत काही नाही असंही दाखवलं. मग फोटोरेककडे वळले.

दिसायला तो भयाण आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही, बाणांच्या कळांनी फिरायचं. माझ्यासारखीसाठी 'क्यूफोटोरेक' नावाची खिडकीवाली आवृत्ती त्याच पुडक्यात आहे, ती घ्या. डिस्क निवडायची, 'होल' म्हणजे संपूर्ण जागा असं सांगायचं आणि सापडलेलं कुठे ठेवायचं ते दाखवायचं. ते ठिकाण दुसऱ्या डिस्कवरच हवं. त्याच डिस्कवर ठेवलंत तर वाचवलेली एक फाइल न वाचवलेल्या दुसरीच्या डोक्यावर जाऊन बसेल. मी २ टेराबाइटची नवी डिस्क आणली. एकूण रोख खर्च तेवढाच.

त्याची रीत मला फार आवडली. तो अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातो आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते, तेवढी ओळखतो. जेपेगची खूण वेगळी, पीडीएफची वेगळी. कपाळावरच्या गंधावरून शैव की वैष्णव कळावं, तसं. पण गंधावरून माणसाचं नाव कळत नाही. फाइलचं नाव फाइलच्या आत नसतं, ते अनुक्रमणिकेत असतं आणि अनुक्रमणिका मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला फाडली होती.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. नको त्या प्रकारांचा पसारा नको म्हणून यादीत फक्त 'जेपीजी', 'एमपी३' आणि 'डॉक' ठेवलं. सात तास चाललं. वर्डच्या जुन्या फाइली आल्या, एक्सेलच्या जुन्या फाइलीही आल्या, कारण त्या 'डॉक'च्याच घरात मोडतात. पण गेल्या चार वर्षांतली एकही 'डॉकएक्स', म्हणजे वर्डची नव्या प्रकारची फाइल, नाही! पोटात गोळा. मग उमगलं की डॉकएक्स ही आतून झिप फाइल असते, म्हणून फोटोरेकच्या यादीत ती 'झिप'खाली आहे. पुन्हा सात तास. त्या यादीत शोधायची सोय धड नाही आणि कुठली फाइल कुणाच्या घरात नांदते ते सांगणारं कुणी नाही. माझी तक्रार असेल तर ही. तुम्ही सरळ सगळ्यावर खूण ठेवा, पसारा परवडला.

सकाळी उठून बघते तर ८३ फोल्डर. प्रत्येकात पाचशे फाइली, शेवटच्यात उरलेल्या. एकूण ४१,२३७. नावं कशी? आधी एफ हे अक्षर, मग एक लांबलचक आकडा. तो आकडा म्हणजे डिस्कच्या कितव्या सेक्टरवर, म्हणजे कप्प्यात, ही फाइल सापडली त्याचा. टी अक्षराने सुरू होणारी नावं मोठ्या फोटोंच्या पोटातल्या टिकल्याएवढ्या प्रतिमांची, त्या डोळे मिटून काढून टाकल्या. माझ्या फोनची जुनी प्रतही त्याच डिस्कवर होती. त्यामुळे नानांनी पाच वर्षांत पाठवलेली 'शुभ सकाळ'ची प्रत्येक गुलाबाची पाकळी सुखरूप परत आली. एकीलाही ओरखडा नाही.

माझ्या कॅमेऱ्यातले फोटो तारखेसकट आले, कारण फोटोच्या आत नोंदलेली वेळ फोटोरेक वाचतो आणि फाइलला लावतो. घाटावरचे, देवळातले, कुलदेवतेच्या यात्रेचे फोटो तारखेने लावले की आपोआप रांगेत उभे राहिले. पण अर्जांचे फोटो नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेले होते आणि व्हॉट्सॲप ती नोंद काढून टाकतं. म्हणजे ६४० अर्ज, ना नाव, ना तारीख, गुलाबांच्या मध्ये विखुरलेले. आणि मी प्रत्येकाला पाती म्हणजे कुळाची शाखा, पिढी, नाव असं बारसं करून ठेवलेलं होतं! ज्या पुस्तकात नावांखेरीज दुसरं काही नाही, त्याच पुस्तकाच्या फाइलींची नावं गेली.

मग रोज संध्याकाळी नाना व्हिडिओ कॉलवर. मी एक अर्ज पडद्यावर धरायची, ते चष्मा कपाळावर ढकलून नाक स्क्रीनला लावायचे.

"हे अक्षर धाकट्या पातीतल्या मास्तरांचं. 'श' बघ, कसा शेपटी वर करून बसलाय."

"नाना, नाव लिहिलंय की खाली."

"नाव नंतर बघ. अक्षर आधी."

काही अर्जांवर नाव खरंच फोटोबाहेर गेलेलं होतं. तिथे नानांचा 'श' उपयोगी पडला. तेरा संध्याकाळी लागल्या. असा शोध घेणारं सॉफ्टवेअर कुणी विकत नाही.

जुन्या आवृत्तीच्या वर्ड फाइलींचं दुखणं वेगळं होतं. १९९८ चा मजकूर श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला, युनिकोड, म्हणजे आजची कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणारी मराठी अक्षरं, रुळायच्या आधीचा. फोटोरेकने त्या अक्षरही न गळता आणल्या. काहींच्या नावापुढे आतल्या शीर्षकाचा तुकडासुद्धा जोडून दिला, कारण कागदपत्रात शीर्षक नोंदलेलं असेल तर तो ते उचलतो. पण श्री-लिपीतलं शीर्षक म्हणजे दिसायला रोमन अक्षरांची भेळ. माझ्या जर्मन लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. उघडावं ते पान म्हणजे कुणीतरी कीबोर्डवर मांजर सोडलेलं. त्यातली पुस्तकाची प्रकरणं कुठली आणि नानांनी नगरपालिकेला लिहिलेले अर्ज कुठले, कसं कळायचं? शेवटी नानांकडच्या जुन्या कॉम्प्युटरवरून फॉन्ट मागवला, एका फाइलीत आमचं आडनाव शोधलं, त्याच्याखालची मूळ भेळ उचलली आणि तीच भेळ बाकीच्या सगळ्या फाइलींत शोधली. ३१ फाइली लागल्या. पैकी २२ प्रकरणं. नऊ नगरपालिकेला, सगळे गटाराबद्दल.

आता जे धड आलं नाही ते. फाइल डिस्कवर सलग ठेवलेली असेल तर फोटोरेक ती अखंड आणतो. जागेअभावी दोनतीन तुकड्यांत ठेवलेली असेल तर पहिला तुकडा आणून बऱ्याचदा तिथेच थांबतो. पुढचा तुकडा कुठे आहे ते अनुक्रमणिकेतच लिहिलेलं होतं. तुकडे जुळवायचा एक 'ब्रूट फोर्स' नावाचा पर्याय आहे, पण तो जेपेग फोटोंपुरता. यात्रेचे तीन मोठे व्हिडिओ उघडतच नाहीत. फोटो आणि कागदपत्रं असतील तर मी डोळे झाकून पाचपैकी साडेचार तारे देईन, मोठे व्हिडिओ असतील तर दोन. ग्रनिएंच्या संकेतस्थळावर देणगीची सोय आहे, तिथे २० युरो दिले. आयझेनबानश्ट्रासेवर शंकरपाळ्यांचा डबा पोचवला. पोराने विचारलं, हे काय, बिस्किट? म्हटलं, जवळपास.

राहिलं आत्याआजीचं रेकॉर्डिंग. डिस्क जवळपास भरलेली असताना मी ते टाकलं होतं, म्हणजे तुकडे पडलेच असणार. अडतीसपैकी अकरा मिनिटं आली. आवाज स्वच्छ आहे, मागे कोंबडा आरवतो तोही ऐकू येतो. अकराव्या मिनिटाला आत्याआजी म्हणते, "मधल्या घरात पोर नव्हतं, म्हणून मग दत्तक घेतला तो..." आणि संपलं.

मधल्या घरात दत्तक कुठून आला यावरून आमच्या दोन पात्या १९९८ पासून एकमेकींच्या लग्नाला जात नाहीत.

आत्याआजी आता एक्याण्णव वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे. भाचीने तिच्यापुढे पुन्हा फोन धरला, सगळं पहिल्यापासून विचारलं. तिने बेचाळीस मिनिटं सांगितलं. मेणवलीचा घाट, पूर, प्लेगात सोडलेलं घर, सगळं आलं. दत्तकापाशी आल्यावर म्हणाली, "दत्तक? कुणी सांगितलं? आपल्यात कधी दत्तक नव्हतं."

मी दोन्ही फाइली नानांना पाठवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन.

"ऐकलं दोन्ही. छापायचं कुठलं ते मग बघू. तू आधी तुझ्या त्या फ्रेंच माणसाला विचार, उरलेली सत्तावीस मिनिटं त्याने कुठे ठेवलीत."