सहा सिलेंडरच ठेवू की आठ सिलेंडरचं व्ही-एट इंजिन टाकू?
१९६५ ची ६ सिलेंडर ऑटोमॅटिक फोर्ड मस्टँग गाडी हाताशी असेल तर एक रस्ता म्हणजे ३.३ लिटरचं मूळ इंजिन ठेवून फक्त मॅन्युअल गिअरबॉक्स टाकायचा. क्लच पेडल, फ्लायव्हील, क्रँकच्या टोकाला पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारी छोटी बुश), बऱ्यापैकी एवढ्यात भागतं, नाक हलकं राहतं, पण चढाला दम लागतोच.

दुसरा ४.७ लिटरचा व्ही-एट. आवाज ऐकला की माणूस विरघळतो हे खरंय, पण इंजिन बसलं म्हणजे झालं असं नाही हो, सहावालीच्या चाकाला ४ नट आणि व्ही-एटवालीला ५, मग मागचा अ‍ॅक्सल, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, रेडिएटर, एकामागून एक सगळंच बदलत जातं. वर ५ गिअरचा टी-५ मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला तर हायवेला इंजिन शांत. मी व्ही-एटच घेईन, पण आधी ब्रेक आणि अ‍ॅक्सल, इंजिन शेवटी.